त्यांचं नाव मोठ्याने घेतलं तेव्हा

कोणी हे वाचलंच तर माझ्या अक्षराला हसू नये. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, माफ करावं. शाळा चौथीतच सुटली, पुढे हातात लाटणंच जास्त राहिलं.

आमचे हे अंबडला एका कारखान्यात वेल्डर होते. कारखाना बंद पडला तेव्हा मुलगा पोटात होता. एका एजंटने यांना फिरायच्या व्हिसावर दुबईला पाठवलं. तिथे गेल्यावर पक्कं होईल, म्हणाला. पण ठेकेदाराने पासपोर्ट ठेवून घेतला, व्हिसाची मुदत संपली, आणि हे लपूनछपून काम करत राहिले. इकडे एजंटच्या दुकानाला कुलूप.

मी मुलाला घेऊन इंदिरानगरला एका खोलीत राहायची आणि एका शिक्षिकाबाईंकडे पोळ्या करायची. शुक्रवारी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडे यांचा फोन यायचा. दुकानात माणसं उभी असायची, माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. "बरी आहेस ना?" "हो." तेवढंच. मुलगा रिसीव्हरलाच पप्पा म्हणायचा. राहिलेलं सगळं मी दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मनात बोलायची.

एकदा धीर करून बाईंना विचारलं, "आम्हा दोघांना तिकडे जाता येईल का?"

"अगं, त्यालाच राहायचा कागद नाही. तुम्हाला कशाच्या जोरावर बोलावणार?"

त्यांचा भाचा तिकडे नोकरीला होता. त्याने कळवलं, तिथल्या सरकारने माफी जाहीर केली आहे. मुदतीत स्वतःहून पुढे आलं तर दंड नाही, तुरुंग नाही, तिकीट काढून घरी जायचं. नंतर सापडला तर मात्र तुरुंग. पासपोर्ट नसला तर आपल्या वकिलातीतून परतीचा कागद मिळतो, पण आधी माणूस इथलाच का, याची गावाकडे चौकशी होते. तिकिटाचे पैसे बाईंनी दिले. हे वकिलातीत जाऊन अर्ज देऊन आले.

मग काही हलेना. मुदत संपत आली. फोनवर यांनी सांगितलं, गावाहून उलटा जबाब आलाय, असा माणूसच नाही म्हणून. पासपोर्टवर पत्ता सायखेड्याचा, माझ्या सासरच्या गावचा होता. मी मुलाला कडेवर घेऊन गावी गेले.

सासूबाई म्हणाल्या, "आलता ना हवालदार. फोटू दाखवीत व्हता. म्या म्हनलं, नाय वळखत! समद्या आळीनं तेच सांगितलं."

"अहो, पण का?"

"का म्हंजी? व्हय म्हनले असते तर नेला असता माझ्या लेकाला धरून! पोलिसाला कोनी घरचं मानूस दावतं का?"

मी सगळं समजावलं. तेव्हा त्या तशाच उठून माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या.

साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. सासूबाई सांगायला पुढे झाल्या.

"मावशी, तुम्ही तर ओळखत नव्हता ना त्याला? आता हिलाच बोलू द्या."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही. मोठ्याने."

मी पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट. माझाच आवाज मला परका वाटला. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

साहेबांनी नवा जबाब पाठवला, परतीचा कागद झाला, मुदतीच्या आत हे आले. मुलगा त्यांना बघून माझ्यामागे लपला. शुक्रवार आला तसा रडायला लागला, एसटीडीवाल्याकडे चल, पप्पांशी बोलायचंय. हे तिथेच भिंतीला टेकून बसले होते.  इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते समोर होते आणि मला तेव्हाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. नाव तेवढं घेता आलं होतं, तेही परक्या माणसांपुढे.

यांना अंबडला पुन्हा काम लागलं. दर पगाराला थोडे थोडे मी बाईंकडे देत गेले. शेवटच्या वेळी हेही आले, मुलगा त्यांच्या बोटाला धरून. बाईंनी चहा केला. यांनी नोटा बाईंच्या हातात ठेवल्या आणि तिकिटाचे सगळे पैसे फिटले.