धाकट्या मामांचा चढा सूर

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतका स्वतःच्या गळ्यावर जीव असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. लोक सोनं जपतात, जमिनीचे कागद जपतात; मामा आवाज जपतात. भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, मामा गळ्याला मफलर गुंडाळून कॉलेज रोडला भाजी घेताना दिसतात. आइस्क्रीम, दही, चिंच, लोणचं, पंख्याखालची झोप आणि नातेवाइकांशी वादावादी या सगळ्या गोष्टी त्यांनी घशासाठी सोडल्या. त्यातली शेवटची मामींनी सोडू दिली नाही. रविवारी सगळं नाशिक मिसळ खायला गावाबाहेरच्या मळ्यांकडे पळतं तेव्हा मामाही आमच्याबरोबर येतात, पण तर्रीची वाटी माझ्याकडे सरकवून नुसती मटकी पावाबरोबर खातात. एकदा वाढणाऱ्याने फार काळजीने विचारलं होतं, "काका, ऑपरेशन झालंय का?" सकाळी दहाच्या आत ते एक शब्द बोलत नाहीत, सगळा कारभार खुणांनी चालतो. आमच्या लग्नाचा मुहूर्त साडेनऊचा होता. मुलीला बोहल्यावर आणलं मामांनीच, पण गुरुजींनी "गायक मामा, एक मंगलाष्टक होऊ द्या" म्हटल्यावर त्यांनी गळ्याकडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बरोबर दहा वाजता, लोक पंगतीला बसून वरणभात कालवत असताना, मामांनी माइक हातात घेतला आणि सगळी मंगलाष्टकं स्वतःहून म्हटली. काही पाहुणे घाईघाईने अक्षता शोधू लागले. आमचं लग्न त्या दिवशी दोनदा लागलं असं माझी सासू अजून म्हणते.

दुसरं म्हणजे कान. पेटीच्या पट्ट्यांना गाणारी माणसं रंग आणि आकडा लावून ओळखतात, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशी. मामा साऱ्या जगाला तसंच ओळखतात. त्यांच्या घरचा कुकर काळी दोनमध्ये शिटी मारतो. समोरच्या डॉक्टरांचं फाटक पांढरी चारमध्ये करकरतं, आणि एकदा डॉक्टरांनी त्याला तेल घातलं तेव्हा मामा निषेध नोंदवायला गेले होते. मामी म्हणतात, "आमटीत मीठ नाही हे या माणसाला कळत नाही, पण कुकरची शिटी उतरली की जेवणावरून उठतो." सरकारी कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी त्यांनी इमानाने केली, पण साहेबांच्या आवाजाला 'जरा कणसूर' म्हटल्यामुळे बढती दोनदा हुकली असं ऐकून आहे.

तर या मामांचा एक बँड होता. आमच्याकडे बँड म्हटलं की लोकांना वरात दिसते, त्यामुळे "घोडा तुमचाच असतो का?" हा प्रश्न त्यांना जन्मभर विचारला गेला. पण हा पॉप बँड होता, तीन जणांचा. मामा गायचे आणि कीबोर्ड वाजवायचे, गिटारवर निफाडचे बापू आणि ड्रम्सवर मालेगावचे सलीमभाई. कॅसेटच्या जमान्यात त्यांचा एक अल्बम निघाला. त्यातलं गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सायकलवरून जाणाऱ्या मुलीचं गाणं तर तेव्हा प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला वाजायचं. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी मुलगी वळणावर दिसेनाशी होते आणि मामांचा आवाज तिला शोधत वर वर चढत जातो. ती ओळ ऐकायला मुलं खिडक्यांवर चढून बसायची म्हणे. मग कॅसेटी गेल्या, बापू द्राक्षबागेत अडकले, सलीमभाई यंत्रमागात आणि मामा नकाशांत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी, अर्थात दहा वाजल्यानंतर, मामांनी जाहीर केलं, "जावईबापू, आम्ही परत येतोय. नवी सात गाणी, जुनं एक. स्टुडिओत, व्यवस्थित." गाडी चालवता येणारा आणि नाही म्हणता न येणारा मी एकटाच असल्यामुळे बँडचा चौथा माणूस आपोआप मी झालो.

जुन्या अल्बमची एकच कॅसेट उरली होती, मामांच्या कपाटात, रुमालात बांधलेली. ती वाजवायचा टेपरेकॉर्डर मात्र कधीच मेला होता. सलीमभाई तो मालेगावला घेऊन गेले आणि आठवड्याने विजयी मुद्रेने परत आले. "आपल्या मागांच्या मिस्त्रीने केला भाई. नवी मोटर टाकली. अब ये बीस साल बंद होणार नाही!" टेप सुरू झाला, गाणं लागलं आणि तिघं म्हातारे डोळे मिटून बसले. "काय आवाज होता हो तुमचा! केवढा कोवळा!" बापू म्हणाले. मामा स्वतःच्या आवाजापुढे लाजले. त्यांनी कीबोर्डवर सूर लावून पाहिला. काळी दोन. "मला उगाच काळी एक वाटत होती," ते म्हणाले. "आठवण फसवते माणसाला. कॅसेट फसवत नाही. आता सगळी गाणी याच पट्टीत बसवायची."

पुढचे आठ महिने दर रविवारी दुपारी मामांच्या गच्चीवरच्या खोलीत तालीम चालली. त्या चढ्या पट्टीसाठी गिटार इतकी ताणली जायची की दर रविवारी एक तरी तार तुटायचीच. बापू वैतागून म्हणायचे, "राव, द्राक्षाच्या मांडवाची तार बी एवढी ताणत नाय आमी!" त्या गतीला पोचता पोचता सलीमभाईंचे दोन सदरे घामाने भिजायचे. "तेव्हा जवान होतो ना," ते धापा टाकत म्हणायचे. आणि मामा? मामांची ती चढती ओळ येईना. अर्ध्या वाटेपर्यंत छान जायची, मग आवाज चिरकायचा आणि खोलीत कुणी कुणाकडे बघायचं नाही. पट्टी जरा उतरवू या, असं मी एकदाच सुचवलं. "पट्टी उतरवली की माणूस उतरला," मामा म्हणाले. नंतर त्यांनीच शांतपणे ठरवून टाकलं: स्टुडिओत तीनदा प्रयत्न करायचा, ओळ आली नाही तर मामा फक्त कीबोर्ड वाजवतील आणि गाणी दुसरा कुणी गाईल. कुणीच वाद घातला नाही.

रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात मामींचा फोन आला. डिसेंबरचे दिवस, नाशिकची थंडी हाडात शिरत होती. "अहो, आज ह्यांनी दह्याची वाटी मागितली," मामी म्हणाल्या. "मफलरही काढून ठेवलाय." मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं की मामांनी गळा जपणंच सोडलं होतं. "आवाज गेलाय हे त्यांना कळलंय. पण त्या स्टुडिओत, चार लोकांसमोर, तीनदा पडायला नको हो. तुम्ही जावई आहात, तुमचं ऐकतील. जाण्याआधीच सांगा, नका गाऊ म्हणून." मी हो म्हणालो. त्यानंतरचे सहा दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होतो. आंघोळ करताना म्हणून पाहिलं, दाढी करताना म्हणून पाहिलं. कुठल्याच पट्टीत ते बरं वाटेना. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाडीत मामा शेजारी, मांडीवर टेपरेकॉर्डर. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "आज गर्दी आहे नाही रस्त्याला" एवढंच बोललो. स्टुडिओ आला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती.

रेकॉर्डिंग करणारी मुलगी तिशीतली होती, चुणचुणीत. मूळ गाणं एकदा ऐकते म्हणाली. मामांनी टेपरेकॉर्डर पुढे केला, पण तिने त्यातली कॅसेट काढून स्वतःच्या यंत्रात घातली. गाणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे, निवांत चालत आलं. आवाज भारदस्त, भरलेला, आणि गती अशी की सायकलवरच्या मुलीने मध्ये उतरून उसाचा रस प्यावा. "ये हमारा नहीं है," सलीमभाई म्हणाले. "तुमचं यंत्र हळू चालतंय," मामांनी तिला समजावलं. तिने कॅसेटचं कव्हर उलटं करून दाखवलं. गाण्यापुढे छापलं होतं, चार मिनिटं चाळीस सेकंद. तिच्या यंत्रावर गाणं बरोबर तेवढ्यातच संपलं. मग तिने तेच आमच्या टेपवर लावलं. ते चार मिनिटं दहा सेकंदांत धावत येऊन संपलं. "काका, तुमचा टेप पळतोय, म्हणून सूरही चढलाय," ती म्हणाली. "मोटर बदललीये का कुणी?"

आम्ही सगळ्यांनी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाईंनी छताकडे पाहिलं. "मिस्त्री बोलला होता, जरा ताकदीची टाकतो म्हणून," ते हळूच म्हणाले. बापूंनी कपाळावर हात मारला. "आठ महिने तारा तोडल्या राव!"

मामा मात्र कुणावर रागावले नाहीत. त्यांनी कीबोर्डवर एक सूर दाबला, मूळ गाण्याचा. काळी एक. पुन्हा दाबला. "म्हणजे तेव्हाही मी इथंच गात होतो," ते स्वतःशीच म्हणाले. मग काचेपलीकडे जाऊन उभे राहिले. पहिल्याच प्रयत्नात ती ओळ आली. पूर्वीसारखी गोल नव्हती, कडेला जरा खरखर होती, पण वर गेली, तिथे थांबली आणि घाई न करता खाली आली. सलीमभाई उघड उघड रडत होते. मी खुर्चीवर बसलो. सहा दिवस घोळवलेलं ते वाक्य मला बोलावं लागलं नाही, इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. मी बाहेर जाऊन मामींना फोन केला आणि नुसतं "आली" म्हणालो.

अल्बम निघाला. मामांना लोक पुन्हा घोड्याबद्दल विचारू लागले आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो तर मामा बाहेर गेले होते आणि मामी स्वयंपाकघरात फोनवर तेच गाणं ऐकत भाजी निवडत होत्या. त्या चढत्या ओळीच्या आधी मामांनी घेतलेला मोठा श्वास त्यात स्पष्ट ऐकू येतो. पूर्वीच्या गाण्यात तो नव्हता. रेकॉर्डिंगवाल्या मुलीने तो काढून टाकू का असं विचारलं होतं, मामीच नको म्हणाल्या. तो श्वास आला तशी त्यांची निवडणारी बोटं थांबली. "रोज ऐकते हो," त्या म्हणाल्या, "तरी इथं आलं की मला धाकधूक होते." मला हसता आलं नाही, कारण माझंही तेच होतं. एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं, आता चुकणार थोडंच, हे दोघांनाही कळत होतं. तरी आम्ही दोघं त्या फोनकडे बघत राहिलो, आणि ओळ वर पोचल्यावर मामींनी पुढची जुडी हातात घेतली.