गव्हाणीत झोपलेलं आमचं बाळ

आमच्या घरातला एक माणूस यंदा येशू झाला. वय महिने पाच, दात शून्य. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आम्हालाही नाही. त्याच्या ताईनं, म्हणजे माझ्या नातीनं, वर्गात परस्पर हात वर केला आणि सांगून टाकलं, "मिस, आमच्याकडे खरं बाळ आहे."

यात तिचा स्वार्थ होता. वाशीच्या तिच्या कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या सुट्टीआधी, शाळेच्या शेवटच्या दिवशी, येशूजन्माचं नाटक होतं. पहिलीत ती झाड होती, दुसरीत मेंढी, तिसरीत परत मेंढी. आता चौथी. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि वरच्यांना नाटकात घेत नाहीत. मेरी व्हायचं तर यंदाच. ज्याच्या घरचं बाळ त्याच्या घरची मेरी, असं तिनं मिसकडून कबूल करून घेतलं. पण तालमीत बाळानं असा टाहो फोडला की मिसनी अट घातली: उद्या रडलं तर बाळ आईकडे, गव्हाणीत बाहुली, आणि विंगेत निळी ओढणी घेऊन तयार असलेली दुसरी मेरी स्टेजवर.

घरी आल्या आल्या नातीनं माझा पदर धरला. "आजी, तू त्याला काहीतरी कर ना."

"काय करू? लाच देऊ?"

"आजी, प्लीज. जोक नको."

तिचा चेहरा बघून मी खरंच जोक आवरला. आमच्या घरात हे क्वचित घडतं.

याच शाळेत माझा मुलगा शिकला. त्याच्या पहिल्या ख्रिसमसला सानपाड्याहून रिक्षा करून गेलेली ती तरुण बाई मला अजून दिसते. भरजरी साडी, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं, जणू येशूच्या बारशाचं यजमानपण तिच्याकडेच. मुलाला आठवडाभर शिकवलेलं, "तिथे आई नाही म्हणायचं, मम्मी म्हणायचं." हॉलच्या दारात बाईंनी चपला काढल्या. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, तेव्हा बाईंना वाटलं आरती लागली. घेतला ताल, वाजवल्या टाळ्या! कडेनं लोक वळून बघायला लागले, तर बाईंना वाटलं साडी आवडली. बाहेर आल्यावर पायरीवर चपलांचा एकच जोड, तिचाच. तेवढ्यात पोरानं अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "आई, तू अनवाणी का गेलीस?" त्यानंतर कितीतरी वर्षं त्या शाळेत मी श्वासही विचारून घ्यायची. वेडी कुठली!

तर, कार्यक्रमाचा दिवस. सून बेलापूरच्या ऑफिसातून हाफ डे घेऊन थेट शाळेत आली. गव्हाणीत फळबाजारातून आणलेला पेंढा, त्याला अजून चिकूचा वास. मी तिला बाळाला पोटभर दूध पाजायला लावलं, पेंढ्यावर त्याची रोजची गोधडी अंथरली, त्याला गुंडाळलं आणि गालावर काजळाची चांगली ठसठशीत तीट लावली.

मिस धावत आल्या. "आजी, हा ब्लॅक डॉट पुसूया ना. बेबी जीझस आहे तो."

"म्हणूनच तर लावली. तीन राजे येणार, मेंढपाळ येणार, एवढे देवदूत टक लावून बघणार. रात्री दृष्ट काढायला तुम्ही येणार का सानपाड्याला?"

मिसनी मदतीसाठी म्हाताऱ्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर बाळाकडे पाहत होत्या. "असू दे," त्या म्हणाल्या. "मेरीला पण आई होती ना. तिनं काय ऐकलं असतं?"

पडदा उघडला. बाळ गाढ झोपलेलं. निळ्या ओढणीतली आमची मेरी इतकी ताठ बसली होती की तिलाच कुणी गोधडीत गुंडाळावं. मेंढपाळ आले, गेले. मग देवदूतांनी कीबोर्डच्या साथीनं दणक्यात गाणं सुरू केलं आणि बाळ दचकलं. आधी ओठ काढला, मग सूर.

विंगेत दुसरी मेरी एक पाऊल पुढे आली. मिसच्या हातात बाहुली. सून अर्धी उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. "थांब गं, बघू."

नातीनं बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि थोपटत स्टेजवर फेऱ्या घालायला लागली. मी घरी घालते तशाच, कंबर एका बाजूला काढून. तेवढ्यात तीन राजे दाखल. तिनं तळहात दाखवला. "थांबा रे! आत्ताच डोळा लागतोय त्याचा."

"अगं, इंग्लिशमध्ये बोलायचंय," जोसेफ माइकमध्ये कुजबुजला.

"तू गप." तेही माइकमध्येच.

हॉल खदखदून हसला. मेरीनं वळून हॉलकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, "शूऽऽ!"

आणि अख्खा हॉल गप्प झाला हो. मोबाइल धरलेले बाप, खाऊचे पुडे फोडणाऱ्या आया, पुढच्या रांगेतल्या सिस्टर, सगळे. राजांनी भेटी अलगद खाली ठेवल्या. देवदूतांनी उरलेलं गाणं इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की आमच्या घरी पंख्याचा आवाज जास्त असेल. बाळाची मान नातीच्या खांद्यावर कलंडली. मिसनी बाहुली खुर्चीवर ठेवली आणि दुसऱ्या मेरीला देवदूतांच्या रांगेत उभं केलं. ओढणीचे पंख बरे दिसले.

नाटक संपलं, पण मेरी काही गव्हाण सोडेना. बाळ झोपलंय, आता उठवायचं नाही, म्हणाली. म्हणून पुढचा कार्यक्रम तिच्या देखतच झाला. मागच्या दारातून सांताक्लॉज घंटा वाजवत "हो हो हो" करत शिरला. तिनं फक्त मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं घंटा मुठीत दाबली, आणि तो लठ्ठ माणूस चवड्यांवर, एकेकाच्या हातात चॉकलेट देत, चोरासारखा पुढे आला.