खंडेनवमीची सुट्टी

हिंजवडीजवळच्या आमच्या चांदे गावात बोललं जायचं की हौसाबाईंचा भाडेकरू दयानंद घरबसल्या सट्टा खेळतो, म्हणून त्याचा कॉम्प्युटर कधी बंदच नसतो. ही बातमी पसरवण्यात शेजारी म्हणून माझाही हात होता, पण ती साफ खोटी निघाली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या या लातूरकराने आपला चार कोअरचा, म्हणजे जणू चार मेंदूंचा, कॉम्प्युटर परदेशातल्या शास्त्रज्ञांना फुकट वापरायला दिला होता. ते इंटरनेटवरून पावसाची गणितं पाठवायचे, कॉम्प्युटर एका वेळी चार सोडवायचा.

दोन हजार आठच्या खंडेनवमीला दयानंद ऑफिसात असताना हौसाबाईंनी जादा किल्लीने खोली उघडली, बटण बंद केलं आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. अकरा दिवस चाललेली गणितं अर्ध्यात तुटून बिघडली. ती दुसऱ्या दिवशी पाठवायची होती.

संध्याकाळी परतल्यावर दयानंद हौसाबाईंवर कडाडला. "मावशी, मला न विचारता हात कसा लावलात?"

"आरं, आज अवजार राबवत्यात व्हय? वरीसभर राबतंय, येक दिस निजू दे की."

मी दारातून म्हटलं, "जाऊ दे रे, फुकटचं काम फुकट गेलं."

तो माझ्यावर उखडला. "काका, नोकरीतलं काम साहेबाच्या धाकाने करतो. हे मी आपणहून कबूल केलं होतं."