दुसरा डोळा

ओल्या रंगाचा वास आला की एक अल्बम माझ्या कानात सुरू होतो. पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायचं काम पुरुषांचं, तेही चिडीचूप शांततेत. आखणारे दादा ऐन सीझनला डोलवीच्या कंपनीत नोकरीला लागले, म्हणून काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ब्रश मला दिला. त्या शांततेत मला रेघ जमेना. मी मोबाइलवर एका जॅझ गायिकेचा ब्लूजचा, म्हणजे दुःखाच्या गाण्यांचा, अल्बम लावला. "बंद कर गो, देवासमोर कसलं रडगाणं?" काका ओरडले. "रडत नाय ती, काका. दुःखाला दटावतेय." तिने सूर लांबवला, तशी मी डोळ्याची रेघ एका दमात ओढली. काका मूर्तीपुढे वाकून बघत राहिले. "आवाज वाढव," म्हणाले, "दुसरा डोळा राह्यलाय." आता सगळी आखणी माझ्याकडेच असते, आणि स्पीकर काकांनी आणलाय.