गुराबेवरचा झेंडा

आमच्या घराण्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेच्या मागून आमचे पूर्वज बंगळूरला आले. घरातले पुरुष सांगत की घोड्यांवरून आले. माझ्या मते पायीच आले असावेत. ते इथेच रुजले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असा आमचा संसार. अशा घरात माझ्या वडिलांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मराठ्यांच्या आरमारातली एक गुराब, म्हणजे तोफांचं लढाऊ जहाज, लाकडातून घडवायला घेतली. धाकटा भाऊ म्हणाला, "अप्पा, आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार?" अप्पा फळी तासत राहिले. ते उत्तरं देतच नसत. माणसाशी बोलण्यापेक्षा लाकूड तासणं त्यांना सोपं जायचं.

जुन्या मासिकातलं एक चित्र त्यांनी मागच्या पडवीत भिंतीला डकवलं होतं. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्या वाफेवर वाकवून ते जहाजाच्या कुशी भरत. बळेपेटेच्या बाजारातून पितळी तार आणून तिच्या तोफा केल्या. सगळं जहाज माझ्या हाताएवढं लांब झालं असेल. पाणी कसं असतं ते पाहावं म्हणून एकदा ते मला बसमधून हेब्बाळच्या तळ्यावर घेऊन गेले. आम्ही दोघं काठावर बसून राहिलो. तळ्यात म्हशी होत्या. अप्पा बराच वेळ पाहून म्हणाले, "समुद्र याहून मोठा असणार." मला हसू आलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवलं.

मला तेव्हा माहेरी परत येऊन काही वर्षं झाली होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि सासरच्यांनी मला ट्रंकेसकट पोचवलं. आई त्याआधीच गेलेली. माहेरी मला कुणी वाईट वागवलं असं म्हटलं तर जीभ झडेल. जेवायला होतं, निजायला खोली होती. फक्त एकेक गोष्ट माझ्यापासून दूर सरकत गेली. त्यातली पहिली म्हणजे फुलांची परडी.

बंगळूरला सकाळी बायका दारात बसून फुलं बांधतात. सुई नाही, काही नाही. दोन फुलं इकडे, दोन तिकडे देठाला देठ लावून ठेवायची, बोटांवरून दोऱ्याचा फास टाकायचा आणि ओढायचा. लहानपणी आमच्या गल्लीत माझ्याइतक्या भराभर कुणी बांधत नसे. मी डावरी, त्यामुळे माझा फास उलट्या अंगाने पडायचा. आई म्हणायची, "हिचा गजरा आरशात बांधल्यासारखा असतो." नवरा गेल्यावर कुणी मला फुलं बांधू नकोस म्हटलं नाही. परडी माझ्यापाशी यायची थांबली, इतकंच. पुढे भावाचं लग्न झालं आणि ती वैनीच्या मांडीवर गेली. वैनी स्वभावाने गरीब, पण गजरे बांधायची ते ढिले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची आणि माझी बोटं शिवशिवायची. मला तिचा राग यायचा. बिचारीचा काही दोष नव्हता, तरी यायचा.

जहाजाच्या डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि अप्पांचं घोडं अडलं. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना दोर ताणलेले असतात, आणि खलाशांना वर चढता यावं म्हणून त्यांच्यावर आडवे दोर बांधून शिडी केलेली असते. अप्पा रेशमाच्या पिळाने ती शिडी बांधू पाहत. गाठ एक तर घसरायची, नाहीतर ढेकळाएवढी व्हायची. ते सोडत, पुन्हा बांधत, पुन्हा सोडत. मी डाळ निवडत बसलेली. पाहवेना तेव्हा उठले आणि त्यांच्या हातातला दोरा ओढूनच घेतला. बोटांवरून फास टाकला, दोरावर चढवला, ओढला. पुढच्या दोरावर तोच फास, त्याच्या पुढच्यावर तोच.

अप्पांनी चष्मा वर करून गाठ पाहिली. नखाने ओढून पाहिली. मग म्हणाले, "सरी."

सरी हा शब्द बंगळूरला भाजीवालाही देतो आणि बसचा कंडक्टरही. ठीक, बरोबर, चला पुढे, एवढाच त्याचा अर्थ. पण मला त्या दिवशी तो पुरला. आई फुलं बांधताना तिच्या शेजारी बसून कितीतरी सकाळी घालवलेल्या माणसाने ती गाठ ओळखली नसेल, असं होणार नाही. बोलले मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडलेला होता.

तेव्हापासून लाकूड त्यांचं आणि दोर माझे. आम्ही तासन्‌तास एकमेकांशी न बोलता बसायचो. एक शिडी झाली की मी दोर ओढून दाखवायची आणि ते म्हणायचे, "सरी." दिवसभरात माझ्याशी कुणी मन लावून बोललेलं असं तेवढंच. शिडं आम्ही जुन्या धोतराची केली, आणि वारा भरल्यासारखी दिसावीत म्हणून तांदळाच्या कांजीत बुडवून वाटीवर वाळवली. झेंडा आईच्या भगव्या रेशमी चोळीचा. त्यालाही कांजी देऊन अप्पांनी लाटा पाडल्या आणि तो मी मधल्या डोलकाठीच्या शेंड्याला बांधला.

मग अप्पा गेले. जहाजाच्या पुढच्या अंगाची शिडी राहिली होती, ती मी सुतकानंतर एकटीने पुरी केली. शेवटची गाठ ओढली आणि त्यांच्या पाटाकडे पाहिलं. नवऱ्याच्या वेळी मी इतकी रडले नव्हते. तेव्हा काय गेलं हेच कळायचं वय नव्हतं.

ते वर्ष सणांविना गेलं. पुढच्या दसऱ्याला भाऊ म्हणाला, "अप्पांचं जहाज गोंब्यांत ठेवू या." आमच्याकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात, त्याला गोंबे म्हणायचं. पायऱ्या रचायच्या, पांढरं कापड घालायचं, वर रक्तचंदनाचे राजाराणी आणि खाली सगळं जग. मांडायच्या त्या सवाष्णीने. एकदा मांडलं की दसरा होईपर्यंत काही हलवायचं नाही. हे नऊ दिवस मी पुढच्या दालनात पाऊल टाकत नसे. तसं कुणी सांगितलं नव्हतं. तेही सांगायची वेळ मी कुणावर येऊ दिली नव्हती. पण त्या वर्षी मला एकच हवं होतं. ते जहाज माझ्या हाताने पायरीवर ठेवायचं होतं. मी ते पुसून, शिडं सारखी करून उंबऱ्यापर्यंत नेलं. वैनीने हात पुढे केले. मी दिलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, भावाच्या कारखान्यातले लोक आले. मी आत हरभऱ्याची उसळ परतत होते. बाहेर सगळे विचारत होते, हे कुणी केलं, आणि भाऊ सांगत होता, "आमच्या अप्पांनी." खोटं नव्हतं ते. उसळीत मी मीठ दोनदा घातलं.

भावाचे एक साहेब मुंबईचे होते, तरुणपणी जहाजावर राहिलेले. त्यांनी फार कौतुक केलं आणि मग मोठ्याने म्हणाले, "पण झेंडा उलटा आहे की हो! शिडाच्या जहाजाला वारा मागून ढकलतो. शिडं पुढे फुगलीत, तर झेंडाही पुढेच उडणार. हा मागे उडतोय. दोन वारे आहेत का बंगळूरला?" सगळे हसले. भाऊही हसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही झेंडा पाहिलेला तो मोटारीवरचा, नाहीतर मिरवणुकीतला. पुढे पळणाऱ्या गाडीचा झेंडा मागेच फडफडतो. अप्पांना आणि मला दुसरं सुचणार तरी कुठून? हेब्बाळच्या म्हशींवर झेंडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता भाऊ वैनीला म्हणाला, "तो झेंडा काढून टाक. आज पण माणसं येणार." वैनीने नखांनी गाठ सोडवून पाहिली. सुटेना. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. तिने कातर उचलली.

"कातरू नको!" मी ओरडले. दालनाच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. "तोच दोर खालपर्यंत गेलाय. कातरलास तर सगळं सैल पडेल."

वैनी कातर हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग वाकून तिने झेंड्याची गाठ पाहिली. खालची शिडी पाहिली, एकेक गाठ, अगदी जवळून. रोज सकाळी तीच गाठ बांधणारी बाई ती. उशिराने का होईना, तिला दिसलं.

"हा फुलांचा फास हाय," ती म्हणाली. "आणि उलटा हाय." मग माझ्याकडे वळली. माझ्या डाव्या हातात उलथनं होतं.

"मामंजींनी बांधलं न्हाई हे."

मी उलथनं पदराआड घेतलं.

तिने कातर खाली ठेवली. "अक्का, तुम्हीच या. मला सुटायचं न्हाई हे."

मी उलथनं ठेवून पदराला हात पुसले आणि दालनात गेले. जहाज जागचं न हलवता झेंड्याच्या वरखालच्या दोन्ही गाठी सोडवल्या, झेंडा फिरवला, पुन्हा बांधला. आता तो शिडांच्या दिशेने उडत होता. वरच्या पायरीवर रक्तचंदनाचे राजाराणी होते तसे उभे होते. काही झालं नाही. इतकी वर्षं मला वाटत आलेलं की काहीतरी होईल.

मागे वळले तर वैनी परडी घेऊन बसली होती. तिने ती माझ्याकडे सरकवली. "स्वल्प बांधून देता? मला उशीर झालाय." उशीर वगैरे काही झाला नव्हता.

परडीत अबोली होती. मी बसले, देठाला देठ लावले, फास टाकून ओढला, आणि चारही फुलं तुटून मांडीवर पडली. पुन्हा तेच. दोराला लागतो तेवढा जोर फुलाला लागत नाही, हे माझे हात विसरले होते. वैनी पाहत होती, पण हसली नाही. तिसऱ्या खेपेला फुलं टिकली. मग हळूहळू हात बसला आणि परडी संपत आली.

गजरा पुरा झाल्यावर मी तो दोन्ही हातांत धरून ताणला आणि सवयीने मागच्या पडवीकडे पाहिलं. तिथे नुसते दोन पाट होते. झेंडा उलटा होता, हे मला तिथे सांगायचं होतं.

"सरी," मीच म्हटलं.

वैनीला वाटलं तिला म्हणाले. तिने गजऱ्यासाठी हात पुढे केला.