कमरुद्दीनचे अमेरिकेचे सामान

सन १९११ च्या सुमारास जुन्नरच्या कागदीपुऱ्यात कमरुद्दीनइतका सारख्या जाडीचा कागदाचा ताव उचलणारा दुसरा माणूस नव्हता. तागाचा लगदा हौदात कालवायचा, गवताच्या काड्यांचा साचा त्यात बुडवून अलगद वर घ्यायचा आणि ओला ताव भिंतीवर चिकटवायचा. वाळलेल्या तावाला त्याची बायको जैबुन्निसा दगडाने घोटून झिलई आणी. एवढ्यावर दोघांचे पोट भरे, ईदेला नवे कापड होई, आणि कमरुद्दीन हौदाशी गुणगुणत बसे. मात्र गिरणीचा स्वस्त कागद आल्यापासून पुऱ्यातले हौद एकामागून एक कोरडे पडत होते, हे त्यालाही दिसत होते.

अशात महंमद हनीफ अमेरिकेहून परतला. दोघे एकाच गल्लीत वाढलेले. हनीफ बोटीवर कोळसा ओढायला गेला होता. न्यूयॉर्कला उतरला तो पुन्हा त्या बोटीवर चढलाच नाही. आठ वर्षे तो तिथल्या एका कागदाच्या गिरणीत होता. आता पायांत चकचकीत बूट, खिशात घड्याळ, आणि एकच हट्ट: जुम्म्याच्या बोटीने कमरुद्दीनने आपल्याबरोबर चलावे. गिरणीच्या मुकादमाने त्याच्यासाठी जागा राखली होती.

हनीफच्या गोष्टी ऐकायला ओट्यावर माणसे जमत. मालकाचा टेकडीवर चाळीस खोल्यांचा बंगला, कुत्र्यांनासुद्धा वेगळी शेगडी. आणि खाली हनीफच्या खोलीत नऊजण, एक कामावर गेला की दुसरा त्याच्याच गादीवर निजायचा. मालकाची एका दिवसाची मिळकत हनीफला वर्षात दिसत नसे. शेजारचा मळेवाला रखमाजी चक्रावला.

“मंग तुमी भांडत न्हाई?”

“भांडायचं कशाला? मालकबी येके काळी चिंध्याच येचायचा. तितं ज्याला त्याला वाटतं, उद्या माजी पाळी.”

“आन् तुजी कवा हाय?”

“रांगंत हाय मी.”

“रांग लई लांब दिसती, राव,” रखमाजी म्हणाला. सारा ओटा हसला; हनीफही हसला.

कमरुद्दीनने तीन दिवस विचार केला. जैबुन्निसाने ना अडवले, ना ढकलले. तुम्ही परतेपर्यंत नारायणगावला भावाकडे राहीन, एवढेच ती बोलली. चौथ्या दिवशी तो हो म्हणाला.

बुधवारी सकाळी चिमाजीचा टांगा घेऊन हनीफ दारात आला, तेव्हा कमरुद्दीन आपला साचा गोधडीत जपून गुंडाळत होता. पुऱ्याची रीतच तशी होती. दुसऱ्याच्या हौदावर कामाला जायचे तर आपला साचा काखोटीला मारूनच. परक्या साच्यावर ज्याचा हात बसला, असा कागदी कारागीर कोणी पाहिला नव्हता.

हनीफ हसत हसत उंबऱ्यावरच बसला. तिथे गल्लीएवढे लांब यंत्र असते, कागद त्यातून धोतरासारखा वाहत येतो, हाताने ताव उचलणारा कोणी नसतोच, असे त्याने समजावले.

“मंग तू काय करत व्हतास?”

“चिंध्यांच्या खोलीत हाय मी. बटनं तोडायची, लगद्यासाटी चिंध्या फाडायच्या.”

“आट वर्सं?”

“आट वर्सं.”

“आन् कागद?”

“कागद पल्याडच्या इमारतीत निगतो. आमाला तिकडं जायाची परवानगी न्हाई.”

कमरुद्दीन गोधडीची गाठ सोडू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट मोठे ओझे उतरल्यासारखा तो दिसत होता.

“तुजं बरं चाललंय, हनीफ, मला आनंदच हाय. पर मला वाटलं, तू कागद कराया बोलावतोस.”

हनीफने कोरड्या हौदांची आठवण करून दिली. ते खोटे नव्हते, आणि कमरुद्दीनने ते नाकारलेही नाही.

“माजा आटंल तवा बगू,” तो म्हणाला. “आज तर पाणी हाय.”

आता प्रश्न उरला तो वाटेसाठी भाजलेल्या ढीगभर रोट्यांचा. इतक्या रोट्या एकटे हनीफभाई कुठवर खातील, असे म्हणत जैबुन्निसाने चिमाजीलाही आत बोलावले. हनीफने बूट काढले आणि मांडी घातली. बोट चुकेल, असे चिमाजी दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा त्याच्या ताटात आणखी एक रोटी पडली.

दुपारी टांगा हलला, तेव्हा निरोपाला दारात जैबुन्निसा एकटीच होती. कमरुद्दीनचे हात कोपरापर्यंत हौदात होते. त्याने आतूनच हाक मारली, “खुशाली कळीव रे!” आणि ताव वर उचलला.