अक्कांच्या पिंडाजवळची गोळी

तुमच्याकडे परदेशात अंगदुखीची गोळी सुपरमार्केटात ब्रेडशेजारी मिळते, असं तुम्ही फोनवर सांगितलंत तेव्हा मी विषय बदलला. त्याचं कारण लिहिते.

शिंदखेड्यात आपल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर मीच बसते. मागच्या गल्लीतल्या अक्का कापूस वेचायला जाताना यायच्या, सगळं अंग ठणकतं म्हणत. "बठ्ठं आंग दुखस माय, एक पाकीट दे." एक गोळी चहाबरोबर, दुसरी दुपारच्या भाकरीबरोबर. याला व्यसन म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. तंबाखूलाही त्यांनी कधी हात लावला नव्हता.

पायांवर सूज दिसली तेव्हा मी पाकीट देणं थांबवलं आणि त्यांना धुळ्याला तपासणीला पाठवलं. किडन्या बिघडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, ही गोळी आता विष समजा.

त्यानंतर अक्का दुकानात आल्या नाहीत. मला वाटलं, ऐकलं. मग लक्षात आलं की गल्लीतल्या धडधाकट बायका आळीपाळीने तीच गोळी नेताहेत. एकीला हटकलं, तर ती हसली. "अक्काले नही म्हनानी हिंमत कोनी शे? बठ्ठी गल्लीना बाळंतपणं तिनीच करेल शेतस."

मी त्यांनाही गोळी देणं बंद केलं आणि अक्कांच्या घरी गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा सुजलेला.

"तू खुर्चीवर बठस माय," त्या म्हणाल्या. "तुले काय दुखस?"

गावात दुकानं इतरही होती. वेचणी संपायच्या आत अक्का गेल्या.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घरचे नातीचं लग्न नीट लावू म्हणाले, म्हैस विकणार नाही म्हणाले. काही उपयोग नाही. मग त्यांचा मुलगा धापा टाकत दुकानात आला.

"मावशी, एक पाकीट द्या. मायना जीव त्यामाच अटकेल शे."

मेलेल्या माणसाला गोळी काय करणार? मी दिलं. पिंडाजवळ ते ठेवलं आणि म्हणे कावळा लगेच शिवला.

तेव्हापासून गल्लीत एकच बोललं जातं: अक्का गोळीने नाही, गोळीवाचून गेल्या. त्याच बायका आता स्वतःसाठी पाकीट मागतात. मी त्यांना किडनी, सूज, डॉक्टरांचं म्हणणं, सगळं क्रमाने सांगते. त्या शांतपणे ऐकून घेतात.

"अक्कालेबी असंच सांगेल व्हतं ना तुमी?" परवा एकीने विचारलं, आणि ती पुढच्या दुकानाकडे गेली.